सतरा ते नऊ ठिपके

गेरूच्या डब्यात ब्रश बुडवून जनगणनेच्या मास्तरांनी दाराच्या चौकटीवर २१७ असा आकडा काढला, तेव्हा शेवंताबाई उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. मे महिना होता, सन दोन हजार, बारा वाजून गेलेले आणि मंगळवार पेठेतली ती गल्ली उन्हानं पांढरी पडलेली. मास्तर तरुण होते, बगलेत फॉर्मांचा गठ्ठा, कपाळावर घामाची माळ. ओल्या गेरूचा एक ओघळ साताच्या पायातून सुटला, बोटभर खाली आला आणि लाकडाच्या गाठीवर थबकला.

"आजी, हितं लिवलं तर चालंल न्हवं?" मास्तरांनी विचारलं.

"लिवून झाल्यावर इचारता व्हय, पावणं?" आतून बाबासो गरजले. बाबासो म्हणजे शेवंताबाईंचे यजमान. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लाकडी साचे करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, यंत्रांच्या आवाजानं कान मंद झाले, आणि तेव्हापासून त्यांचं साधं बोलणंही चार घरं ऐकत होती. "आन् अक्षर जरा बरं काढा की. आमच्या घरात मास्तरीण हाय. मार्क कापंल."

मास्तर हसले. मग भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठलं, असं विचारत गेले, आणि एका रकान्यापाशी येऊन त्यांचा आवाज उगाचच मऊ झाला. "कुटुंबप्रमुख... म्हणजे, कुणापैकी?"

"बौद्ध लिवा. आन् पुढं तुमचा जो रकाना असंल त्यात खूण करा," मास्तरांच्या ओठांवरून प्रश्न ओळखून बाबासो म्हणाले. "रकाना तुमचा, खूण तुमची. लाजता कशापायी?"

शेवंताबाईंना यातलं निम्मंच ऐकू येत होतं. त्या चौकटीकडे बघत होत्या. आधी झाला तो निव्वळ आनंद, माहेरचं कुणी न कळवता दारात येऊन उभं राहावं तसा, आणि त्या आनंदाच्या मागोमाग छातीत काहीतरी बारीक टोचलं, तेही ओळखीचंच. कारण दोनशे सतराला त्या दहा वर्षं ओळखत होत्या, त्याच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसकट. तो विषम. सातानं आणि एकतिसानं भाग जाणारा, आणखी कुणाला दाद न देणारा. सात आणि एकतीस हे दोघं स्वतः मूळ संख्या, आणि दोघंही दोनाची दुप्पट, पुन्हा दुप्पट करत गेलं की नेमके एकानं मागे राहणारे, आठाला एक कमी, बत्तिसाला एक कमी. त्याच्या भाजकांची बेरीज करावी, एक, सात आणि एकतीस, तर होतात एकोणचाळीस. म्हणजे घरची सगळी माणसं गोळा केली तरी हा गडी त्यांच्यात मावत नाही. सहाचा घन दोनशे सोळा, त्यात एकाचा घन मिळवला की दोनशे सतरा. आणि नवाच्या घनातून, म्हणजे सातशे एकोणतिसातून, आठाचा घन पाचशे बारा काढून घेतला तरी उरतात ते दोनशे सतराच. हे शेवटचं सापडलं तेव्हा शेवंताबाई रॉकेलच्या रांगेत उभ्या होत्या. हसू आवरेना म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला, तर मागची बाई कळवळून म्हणाली, "दाढ ठणकतीया काय हो?" त्या दिवशी डबा घेऊन घरी येताना त्यांना वाटलं होतं की हा सगळा रस्ता, त्यावरच्या सायकली, म्हशी, तालमीसमोर दूध पीत उभी असलेली पोरं, यातल्या कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी आपल्यापाशी आहे, आणि ते कुणाच्या हिश्श्यातून काढून घेतलेलं नाही. आकड्याचं हे त्यांना फार आवडायचं. तो एकाच वेळी पाच-सहा घरी जेवायला बसतो. विषमांच्या पंगतीत असतो, घनांच्या बेरजेत असतो, वजाबाकीत असतो, आणि कुणी त्याला म्हणत नाही की आधी तू नक्की कुणाचा ते सांग, मग पान वाढतो.

पण हा आकडा त्यांना मिळाला होता तो क्रांतीकडून, आणि क्रांतीचं नाव आठवलं की टोचायचं. नव्वद सालची गोष्ट. शाळा इथलीच, मुलींची, पत्र्याच्या छपराची. सातवीच्या वर्गात शेवंताबाईंनी एक प्रथा पाडली होती, पुस्तकात नसलेली. दर शनिवारी सकाळी वर्गात एक आकडा पाहुणा यायचा. एका मुलीनं तो आणायचा, पाटीवर लिहून पाटी बाईंच्या खुर्चीत ठेवायची, आणि बाकीच्यांनी पाहुण्याची चौकशी करायची. पावणं, सम का विषम? पावणं, भाजक किती? पावणं, वर्ग हाय का घन, का नुसतंच आलाय जेवाय? मुली खिदळायच्या, पाहुण्यातर्फे ती मुलगी उत्तरं द्यायची, आणि तास संपताना बाई त्या आकड्याला भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या जागी बसवायच्या. तक्ता बाबासोंनी ऑइलपेंटनं रंगवून दिलेला. डावीकडे मूळ संख्या, उजवीकडे संयुक्त, खाली वर्ग आणि घन. आकडेही ऑइलपेंटनंच चढायचे, कारण खडूचं पुसून जातं आणि पाहुण्याला एकदा जागा दिली की उठवायचं नाही, असा बाईंचाच नियम होता.

क्रांती ही बायडाबाईची मुलगी. बायडाबाई महाद्वार रोडला हातगाडीवर रांगोळी विकायची, आणि पोरगी पहाटे उठून दारात ठिपके घालायची. त्या शनिवारी तिनं आणला दोनशे सतरा. सतरा ते नऊ ठिपक्यांची रांगोळी, मधल्या ओळीत सतरा, मग वर आणि खाली एकेक कमी करत नवापर्यंत. सगळे ठिपके तिनं मोजले होते. मुलींनी चौकशी केली. विषम. वर्ग नाही, घन नाही. भाजक? तिथं क्रांती बाईंकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, पाढ्यांत शोधा. शेवंताबाईंचा पाढ्यांवर फार विश्वास होता. त्यांच्या वडिलांनी, स्वतःला एक अक्षर येत नसताना, बाजारातून अंकलिपी आणून दिली होती. ती पुस्तिका तिसाच्या पाढ्यावर संपायची, आणि लहानपणी शेवंताबाईंच्या लेखी आकड्यांचं गाव तिथंच संपायचं, पुढे वेस. छप्पन सालानंतर घरातले जुने देव गेले तेव्हा त्या कोनाड्यात काही दिवस ती अंकलिपीच होती. पाढा गळ्यात असतो, भागाकार कागदावर, आणि कागद कुणीही काढून घेऊ शकतो, असं काहीसं त्यांच्या मनात अगदी आतवर बसलेलं. तर साठ मुलींनी बेपासून तीसपर्यंत सगळे पाढे एका सुरात म्हटले. शेजारचे वर्ग थांबून ऐकू लागले. तीस साते दोनशे दहा आलं, गेलं. तीस दाहे तीनशे झालं, आणि दोनशे सतरा कुठंच सापडला नाही. सगळा वर्ग धापा टाकत होता, खूष होता. बाईंनी ब्रश घेतला आणि आकडा मूळ संख्यांत चढवला.

तेव्हा क्रांती उभी राहिली. "बाई, तिसाच्या पुढचा म्हणून बघू का?"

"तिसाच्या पुढं पाढा असतोय व्हय गं?" बाई म्हणाल्या. आणि मग, वर्ग रंगात होता म्हणून, ब्रश हातात होता म्हणून, "तुझ्या आईच्या गाड्यावर मिळतोय काय?"

साठ मुली हसल्या. क्रांती बसली. शेवंताबाईंना अजूनही ते बसणं दिसायचं, परकर दोन्ही हातांनी गुडघ्याखाली दाबून, हळू, जणू बाकावर काही ओलं होतं. त्यानंतर तिनं कधी आकडा आणला नाही.

महिन्याभरानं एका दुपारी भाकरी थापताना शेवंताबाईंच्या मनात तो आकडा सहज उभा राहिला, आणि तो एकवीस आणि सात असा दिसला. दोन आणि एक जवळ, सात जरा बाजूला. सात त्रिक एकवीस, सात एके सात. एकतीस. तव्यावरची भाकरी करपली. इतकं डोळ्यांसमोर, आणि तिसाच्या वेशीबाहेर फक्त एक पाऊल. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. त्या बोलल्या नाहीत. साठ साली त्या नोकरीला लागल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी, त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणालं होतं, "आता ह्या गणित शिकिवणार म्हणं." तेव्हापासून फळ्यावर एक चूक म्हणून होऊ द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं, आणि तीस वर्षं ते निभावलंही होतं. दोनशे सतरा भिंतीवर तसाच राहिला. पुढच्या जूनमध्ये मुली हायस्कूलला गेल्या, पुढे कधीतरी भिंतीला चुना लागला, शहाण्णव साली बाई निवृत्त झाल्या. आकड्याशी मात्र त्या रोज बोलत राहिल्या. सुरुवातीला माफी मागितल्यासारख्या, मग सवयीनं, आणि मग खरंच गोडीनं. पण क्रांती सकाळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे जाणाऱ्या कंपनीच्या गाडीसाठी कोपऱ्यावर उभी दिसली, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेली, चांगली उंच झालेली, की शेवंताबाई दारातून आत सरकायच्या.

मास्तर पुढच्या घराकडे गेले होते. बाबासो पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, सुपाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"तांदळात काय सोनं गावलं काय? कवाधरनं एकच खडा धरून बसलीयास."

मग शेवंताबाईंनी सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. बाबासोंना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि मोठ्यानं सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आकड्याची चूक सांगायला काहीच जड गेलं नाही. गाड्याचं वाक्य मात्र दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. बाबासो ऐकून घेत होते. साचा तासताना एखादी गाठ आडवी आली की हत्यार ठेवायचे, तसा त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"धा वर्सं ह्यापायी आत-भायेर करतीयास?" ते म्हणाले. "मला वाटलं हुतं, त्या पोरीची दिष्ट लागंल म्हणून आत सरकतीयास. मग जा की. दोन गल्ल्या हाईत. का हात धरून न्यू?"

"ऊन उतरू दे."

"ऊन उतरंल आन् तुझा इचार बी उतरंल. परवा ती पुण्याला चाललीया, कायमची. तिकडं नोकरी लागलीया म्हणं. बायडाबाईच सांगत हुती."

हे शेवंताबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि चपला घातल्या. बाबासो मागून ओरडले, "छत्री घे गं!" पण त्या कोपऱ्यावर पोचल्या होत्या. उन्हात डांबर मऊ लागत होतं. चालताना त्यांच्या मनात काही वाक्यं तयार होत होती आणि मोडत होती. बाळ, त्या दिवशी. बघ क्रांती, गणित असं असतं. शिक्षकसुद्धा माणूसच. सगळी भाषणाची वाक्यं, गॅदरिंगची. त्यांना मोठी गंमत वाटली की छत्तीस वर्षं बोलण्याचंच काम केलेल्या बाईला दोन शब्द जुळत नाहीत. आणि भीती तर होतीच, पण ती भीतीही कशी हलकी होती, परीक्षेला बसणाऱ्या पोरीची असते तशी. पायात नुसती पळण्याची घाई. बासष्टाव्या वर्षी असं काही अंगात उरलं असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

बायडाबाईच्या घरापुढे फरसबंद अंगण होतं, शेजारच्या भिंतीच्या सावलीत. क्रांती ट्रंकेवर बसून दोरी आवळत होती. ती ताडकन उठली.

"बाई? आई, बाई आल्यात! या की, आत बसा."

"बसत न्हाय. एक सांगाय आलोय." आपल्या तोंडून शाळेची भाषा पळाली आहे हे शेवंताबाईंना ऐकू आलं. "दोनशे सतरा मूळ न्हाय."

क्रांतीनं दोरी सोडली. "व्हय," ती म्हणाली. "सात गुणिले एकतीस."

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. घरी आलो आन् भागून बघितलं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"कसं बोलू? तुम्ही आईच्या गाड्यावर गेला न्हवं."

सांगून ती बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, पण सूटही नव्हती; पेपर तपासताना शेवंताबाई स्वतः असंच बघायच्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आकड्याचं बी आन् गाड्याचं बी. आकड्याचं महिन्यानं कळलं. गाड्याचं तोंडातनं सुटलं तवाच कळलं हुतं. दोन्ही बोललो न्हाय. भ्यालो."

"लागलं हुतं, बाई," क्रांती म्हणाली. "परत आकडा आणला न्हाय बघा."

"बघितलं की. दर शनिवारी बघितलं."

तेवढ्यात पदराला हात पुसत बायडाबाई दारात आली. "काय झालं? कुठला गाडा?"

"आई," क्रांती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर सातवीतलं हसू हळूहळू पसरलं, "बाई चुकल्या म्हणत्यात."

"आगं बया," बायडाबाई म्हणाली. तिनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "मग चहा टाकू का नको?"

शेवंताबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना बसावं लागलं, तिथंच, ट्रंकेवर. क्रांती हसत होती आणि काय झालं ते न कळून बायडाबाईही हसत होती. चहा झाला. मग कुणी सुचवलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नसतं, पण बायडाबाईनं आतून रांगोळीचा डबा आणला आणि फरशीवर पाणी मारलं. तिचा हात काय चालत होता! मधली सतराची ओळ एका दमात, मग वर सोळा, पंधरा, नवापर्यंत, मग खाली. "वर शंभर, खाली शंभर, मधी सतरा," ती पुटपुटली. "मी असंच धरतो. मोजत कोण बसतंय?" शेवंताबाईंनी मनात बेरीज केली. सोळापासून नवापर्यंत शंभर. बरोबर. दहा वर्षं त्या या आकड्याशी बोलत होत्या, आणि त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

"आता हे बघा, बाई," क्रांती म्हणाली. तिनं मधल्या ठिपक्यापासून तीन रेघा ओढल्या, एकाआड एक अशा तीन कोपऱ्यांकडे, आणि कडेनं सगळे ठिपके जोडून घेतले. "ड्रॉइंगला असंच काढतो आम्ही. ठिपक्यांकडं बघू नका. कोपऱ्याकडनं बघा."

शेवंताबाई बघत होत्या, सहा बाजूंची रांगोळी, सपाट, ओली. आणि मग डोळ्यांत काहीतरी सरकलं आणि फरशीतून एक खोकं वर आलं. कोपरा त्यांच्याकडे करून उभं असलेलं घनाकृती खोकं, नऊ ठोकळे लांब, नऊ रुंद, नऊ उंच, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे समोर दिसणारा एक ठोकळा. दिसतात तेवढे उचलून घेतले तर मागे उरणार आठ, आठ, आठ. नवाचा घन, वजा आठाचा घन. रॉकेलच्या रांगेत त्यांनी ज्याची वजाबाकी केली होती ते इथं उन्हाच्या तिरिपेत पडलं होतं. सामाईक कडा एकदाच धरली तर एक बाजू एक्याऐंशीची, दुसरी बहात्तर, तिसरी चौसष्ट. त्यांनी मान कलती केली, तर खोकं आत वळलं आणि खोलीचा कोपरा झालं. पुन्हा कलती केली, तर पुन्हा बाहेर. त्यांना कळलं की आपल्या अंगावर काटा आला आहे, आणि दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे एकमेकांत धरलेले आहेत.

"आणि एकदा दाव," त्या म्हणाल्या. "हितनं कुठनं रेघ काढलीस?"

क्रांतीनं पुन्हा दाखवलं. बायडाबाई म्हणाली, "अजून एक फेरा लावू का? जागा हाय." आणि उत्तराची वाट न बघता तिनं भोवतीनं ठिपके सोडले, बाहेरच्या कडेला, चोपन्न. एकोणीस ते दहा झाले. क्रांतीनं बेरीज केली. "दोनशे एक्काहत्तर. आता पावण्याचं काय, बाई? मूळ का संयुक्त?"

तीस नव्वे दोनशे सत्तर, हे शेवंताबाईंच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी तिथंच राहू दिलं. त्या ट्रंकेवरून उतरल्या, फरशीवर मांडी घातली आणि डब्यातून चिमूटभर रांगोळी घेतली. ठिपक्यांच्या बाजूला, कोरड्या जागेवर, त्यांनी भागाकार मांडला. तिनानं जात नव्हता, अंकांची बेरीज दहा. पाचानं नाही. सातानं अडतीस, बाकी पाच. अकरानं चोवीस, बाकी सात. तेरानं वीस, बाकी अकरा. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद, म्हणजे पुढे जायचं कारण नव्हतं. दोघी मायलेकी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. एकीच्या तोंडाला चहाचा वास येत होता.

"मूळ हाय," शेवंताबाई म्हणाल्या.

"नक्की, बाई?" क्रांतीनं विचारलं.

शेवंताबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग तळहातानं फरशी पुसली, नवी चिमूट घेतली, आणि पुन्हा तिनापासून भागायला लागल्या.